रजा घेतली, पण अंगी लागली नाही

चिंचगुळी (बुधवार, रात्री १०.१२)

गेल्या बुधवारी मी रजा घेतली. कारण काही नव्हतं. लग्न नाही, मुंज नाही, कोणी दवाखान्यात नाही, लेकाची परीक्षा नाही. तीन महिने एका प्रोजेक्टमागे धावून अंग आंबून गेलं होतं, म्हणून एक दिवस नुसतं घरी बसायचं ठरवलं. अर्जात कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहितानासुद्धा खोटं बोलतेय असं वाटलं.

आता दिवस कसा गेला ते ऐका. नवरा ऑफिसला, लेक शाळेत. सव्वाअकराला दिवाणावर आडवी झाले, कादंबरी उघडली आणि बेल वाजली. आमच्या मावशी. त्यांनी केर काढायला घेतला आणि मी ताडकन उठून बसले. त्यांनी वाकून दिवाणाखालून झाडू फिरवायचा आणि मी वर तंगड्या पसरून वाचत पडायचं, हे काही जमेना. बरं, उठले ते उठले, डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडला. चालू केलाच नव्हता, नुसतं झाकण वर. मावशी जाईपर्यंत मी त्या काळ्या पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून बसले होते. त्या गेल्यावर इतकं ओशाळं वाटलं की फ्रिजमधला भाजीचा ट्रे काढून धुतला. मग दुसरा. मग मसाल्याच्या बरण्या. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "मग, झाला का आराम?" तर त्याच्यावर खेकसले.

गुरुवारी ऑफिसला गेले ती मंगळवारपेक्षा जास्त दमलेली.

खाल्लेलं अंगी लागतं तशी विश्रांती का लागत नाही? दोष कामाच्या ओझ्याचा की माझ्या डोक्याचा? तुम्ही विनाकारण रजा घेता का? घेतलीत तर काय करता?

टवाळखोर (गुरुवार, सकाळी ११.०५)

धागा वाचत होतो, साहेब मागून गेले, मी पटकन एक्सेल उघडलं. तुमचा काळा पडदा आणि माझं एक्सेल सख्खी भावंडं दिसतायत.

कोथरूडकर_अस्सल (गुरुवार, दुपारी ४.०२)

हा प्रश्न आम्ही एक ते चार या वेळेत केव्हाच सोडवलेला आहे. जग हसलं. आता जगाला झोप येत नाही. (प्रतिसादाची वेळ बघा.)

निळावंती (गुरुवार, रात्री ९.३०)

चिंचगुळी, लॅपटॉपचं वाचून हसले आणि मग हसू मावळलं, कारण रोजचं कामच हे आहे. कंपन्यांमध्ये समुपदेशन करते.

जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठातल्या झाबिने सोनेनटाग यांनी या विषयात बरीच वर्षं घातली आहेत. कामाचा शीण उतरतो तो कशाने, याची एक प्रश्नावली त्यांनी शार्लोटे फ्रिट्झ यांच्याबरोबर २००७ साली तयार केली. चार गोष्टी निघाल्या. डोक्यातून काम निघून जाणं, अंग-मन सैल पडणं, कामाबाहेरचं काहीतरी शिकणं किंवा जमवणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. तुमच्या बुधवारी यातलं काय घडलं सांगा. वेळ तर पूर्ण त्या झाडूच्या हातात होता!

दुसरं. अमेरिकेत सेलिन मालकोच आणि सहकाऱ्यांचा २०२१ मध्ये एक अभ्यास आला. फावला वेळ म्हणजे नासाडी असं जे मनोमन मानतात त्यांना त्या वेळात मजा कमी येते. गंमत म्हणजे त्या वेळात दुसरं काही उपयोगी करणं शक्यच नसलं तरीही. अशा लोकांमध्ये ताण, चिंता आणि उदासीही जास्त आढळली. आता उदास माणसाला सगळंच नासाडी वाटतं की नासाडी वाटल्याने तो उदास होतो, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही, हेही सांगून ठेवते.

२०१४ चा आणखी एक आहे, ४७१ जणांचा. कामावरून पिळून निघून घरी आलेली माणसं टीव्हीसमोर किंवा गेम खेळायला बसली की त्यालाच 'आपण टाळाटाळ करतोय' समजतात, मनाला खात राहतात, आणि त्या बसण्याचा फायदा त्यांना होत नाही. म्हणजे ज्याला भूक जास्त त्यालाच घास गिळवत नाही. तुम्ही एकट्या नाही.

गिरणगावकर (गुरुवार, रात्री १०.४८)

राग मानू नका, पण हे एसीत बसणाऱ्यांचे चोचले आहेत. माझे वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. तिसऱ्या पाळीवरून सकाळी यायचे, आंघोळ, चहा-पाव, आणि दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण वावरत असताना भिंतीकडे तोंड करून झोपायचे. 'अंगी लागली नाही' असं एकदाही म्हणाले नाहीत.

जुनी_पानं (गुरुवार, रात्री ११.२०)

@गिरणगावकर, त्याच परळची गोष्ट सांगतो. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा तिथे भरवली. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार वेळेवर. अर्ध्या तासासाठी साडेपाच हजार लोकांनी सह्या-अंगठे दिले. रविवार मिळाला १० जून १८९० ला. त्यामुळे विश्रांतीचा विचार एसीत जन्मला असं म्हणू नका, तो कापसाच्या तुसात खोकत जन्मला.

पॉपकॉर्न (गुरुवार, रात्री ११.२४)

आठवड्याला सत्तर तास काम करा म्हणणारे आणि नव्वद तासवाले कधी येतायत? मी जागा धरून बसलोय.

चिंचगुळी (शुक्रवार, सकाळी ८.१५)

@पॉपकॉर्न, त्यावर आधीच दोन धागे जळून राख झालेत. इथे नको, हात जोडते.

@निळावंती, 'भूक जास्त त्यालाच घास गिळवत नाही' हे अगदी तंतोतंत.

गिरणगावकर (शुक्रवार, सकाळी ९.४०)

@जुनी_पानं, लोखंड्यांचं मान्य. शब्द मागे घेतो. चोचले नाही म्हणत, पण फरक आहेच आणि तो काय ते रात्री अंथरुणात पडल्या पडल्या सुचलं.

वडील झोपलेले असले की आई आम्हाला गॅलरीत हाकलायची. कुकरची शिट्टी होणार असं वाटलं की स्टो बारीक करायची. शेजारचे काका रेडिओचा आवाज उतरवायचे, न सांगता. कारण त्यांच्याकडेही कोणीतरी पाळीवरून आलेलं असायचं. 'तिसरी करून आलाय' एवढं म्हटलं की अख्ख्या मजल्यावर पाय न वाजवता चालायचे. वडिलांना कधी ओशाळं वाटलं नाही, कारण त्यांची झोप चाळीने मान्य केलेली होती. तुमची रजा कोणी मान्य केली होती? तुम्हीसुद्धा नाही.

निळावंती (शुक्रवार, सकाळी ९.५५)

वा. हे मी सोमवारच्या कार्यशाळेत वापरणार आहे. परवानगी आहे असं समजते.

भुसावळची_सून (शुक्रवार, दुपारी २.३०)

एरवी फक्त वाचते, आज लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्या घरात 'रेस्ट' हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. नवरा मालगाडीवर लोको पायलट. साइन ऑफ केल्यावर हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या मूळ स्टेशनला, सोळा तास रेस्ट, शिवाय महिन्यात चारदा तीस तासांची पिरिऑडिक रेस्ट. (प्रत्यक्षात मिळते कशी, यावर सुरू झाले तर मला कोणी आवरू शकणार नाही.) लग्न नवीन असताना माझे बाबा पहिल्यांदा घरी आले. सकाळचे दहा. हा झोपलेला. मी हलवलं, उठला नाही. बाबा चहा पिऊन गेले तरी नाही. संध्याकाळी मी कडाडून भांडले. तो शांतपणे म्हणाला, "आत्ता झोपलो नाही तर रात्री सिग्नल तांबडा की हिरवा हे बघताना डोळा लागेल. झोपणं ही ड्यूटीच आहे. युनिफॉर्म तेवढा लुंगी."

त्यानंतर बेडरूमच्या खिडकीला काळं जाड कापड लागलं, बेलची वायर निघाली, आणि दारावर खडूने लिहिलेली पाटी आली, 'रेस्ट चालू आहे'. दूधवाला पाटी वाचतो आणि कडी न वाजवता पिशवी अडकवून जातो. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन आलेल्या शेजारीण पाटी बघून परत गेल्या आणि संध्याकाळी आल्या.

आता गंमत. मी स्वतः शिक्षिका आहे. निवडणुकीची ड्यूटी, पेपर तपासणी, वर्गात साठ मुलं. शनिवारी दुपारी डोकं फुटायची पाळी येते. पण माझ्यासाठी ती पाटी फिरवून लावायची हिंमत आजवर झालेली नाही.

टवाळखोर (शुक्रवार, दुपारी २.४१)

'युनिफॉर्म तेवढा लुंगी' हे ऑफिसात फलकावर लिहिणार.

नाईटड्यूटी (शनिवार, सकाळी ९.१०)

सगळं वाचलं. डोकं मोकळं करा, मन सैल सोडा, अपराधी वाटून घेऊ नका. छान. पण आधी रजा मंजूर होऊ द्या की!

मी खाजगी रुग्णालयात सिस्टर आहे, नाव नको. तीन नाइटनंतर ऑफ असतो. ऑफच्या दिवशी सकाळी अकराला फोन, "सिस्टर, एक जण आली नाही, येता का?" नाही म्हटलं की पुढच्या महिन्याच्या ड्यूटी चार्टमध्ये त्याचं उत्तर दिसतं, सलग नाइट लागतात. आता फोन नाही आला तरी अकरा वाजता जाग येते. ही माझी वृत्ती नाही, ही मला लावलेली सवय आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितलं की आठवड्याला ५५ तास आणि त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. तिथे तास मोजलेत. 'विश्रांतीकडे बघण्याचा दृष्टिकोन' असा रकाना नव्हता. समुपदेशनवाल्या ताईंना कंपन्या बोलावतात त्याचं कारणही हेच, की माणसं वाढवण्यापेक्षा कार्यशाळा स्वस्त पडते. व्यक्तिशः घेऊ नका.

निळावंती (शनिवार, सकाळी १०.३०)

व्यक्तिशः घेत नाही, पण लागलं. आणि बरंचसं खरं आहे. कार्यशाळा संपल्यावर त्याच संध्याकाळी साडेआठला टीम मीटिंग लावलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

एवढंच म्हणेन की दोन्ही आहे. तास कमी केले तरी चिंचगुळींसारखा फ्रिज धुणारा माणूस उरतोच. आणि ज्याला तासच मिळत नाहीत त्याला दृष्टिकोन शिकवणं म्हणजे उपाशी माणसाला सावकाश चावून खा सांगणं.

जुनी_पानं (शनिवार, सकाळी ११.१५)

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे खासगी विधेयकांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

डेबिट_क्रेडिट (शनिवार, रात्री ८.५०)

@नाईटड्यूटी, पटलं. माझा अनुभव मात्र उलट्या बाजूचा आहे.

बँकेत आहे, संवेदनशील म्हणतात त्या जागेवर. रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम असा, की अशा माणसाला वर्षातून एकदा सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीने रजेवर पाठवायचं, तेही आधी न सांगता. त्या काळात ऑफिसची ईमेल सोडली तर कुठल्याही यंत्रणेला हात लावायचा नाही. यात आमच्या आरामाची काळजी वगैरे काही नाही हं. माणूस बाजूला झाला की त्याने केलेले घोळ वर येतात, म्हणून.

मला सांगितलं गेलं एका सोमवारी संध्याकाळी. उद्यापासून येऊ नका. घरी गेलो तर बायकोला वाटलं निलंबित झालो. पहिले दोन दिवस सहकाऱ्यांना 'सहज' फोन केले, कोणी उचलला नाही, त्यांनाही नियम माहीत. तिसऱ्या दिवशी मटकी आणायच्या निमित्ताने शाखेसमोरच्या किराणा दुकानात गेलो आणि अर्धा तास तिथून बघत राहिलो. शटर वर होतं. टोकनचे आकडे पुढे सरकत होते. माझ्या खुर्चीवर एक पोरगा बसला होता आणि हसत होता!

खोटं नाही सांगत, वाईट वाटलं. घरी आलो, जेवलो, आडवा झालो तो दिवेलागणीला उठलो. आईने 'तिन्हीसांजेला काय झोपतोस' म्हणून ओरडलं. वीस वर्षांत दुपारची अशी झोप लागली नव्हती. पुढचे दिवस कसे गेले आठवतही नाही. परत गेल्यावर कळलं की पोराने खुर्चीची उंची बदलली होती, तेवढंच नुकसान.

निळावंती (शनिवार, रात्री ९.०५)

रजेचा निर्णय तुमचा नव्हता, म्हणून अपराधही तुमचा नव्हता. चिंचगुळींना रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात द्यायला हवं.

बांधावरून (रविवार, सकाळी ७.२०)

आमच्या गावात सोमवारी बैल औताला जुंपत नाहीत. घात आली, म्हणजे जमीन मशागतीला अगदी जोगी झाली असली तरी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. बैलाच्या मानेवर जू बसून जिथं घट्टा पडलेला असतो तिथं हळद-तूप लावून चोळायचं आणि कानाशी सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी खांद्यावर जू नाही, अंगावर झूल, तोंडात पुरणपोळी. बैल झाडाखाली डोळे मिटून रवंथ करत बसतो. मोकळा आहे म्हणून गव्हाण धुवायला गेलेला बैल मी पाहिला नाही.

पण माझी आजी पोळ्याला पहाटे चारपासून चुलीपुढं असायची. तिचे खांदे कोणी मळल्याचं आठवत नाही.

भुसावळची_सून (रविवार, सकाळी ८.००)

शेवटच्या ओळीला नमस्कार.

पेडण्याचो (रविवार, दुपारी ४.१५)

गोव्यातून. दुपारी जेवल्यावर न्हीद काढतो, दुकान एक ते चार बंद. पर्यटक शटर ठोकतात आणि 'सुशेगाद लोक' म्हणून हसतात. तो शब्द पोर्तुगीजमधून आला, अर्थ निवांत. आळशी नव्हे. आजोबा सकाळी साडेसातला दुकान उघडायचे आणि रात्री नऊला बंद करायचे, ते बघायला पर्यटक नसायचे.

कोथरूडकर_अस्सल (रविवार, दुपारी ४.२०)

अखेर एक सुसंस्कृत माणूस भेटला.

स्टुटगार्टकरीण (रविवार, रात्री ११.३०)

इथे जर्मनीत कायद्यातच वार्षिक रजेला 'एर्होलुंग्सउर्लाउब' म्हणतात, म्हणजे शीण घालवण्यासाठीची रजा. कायदा १९६३ चा, वर्षाला किमान चार आठवडे. त्या रजेत विश्रांतीच्या हेतूला बाध येईल अशी दुसरी कमाई करायची नाही. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरची चिठ्ठी असेल तर तेवढे दिवस रजेतून कापत नाहीत, कारण आजारपण ही विश्रांती नव्हे.

एवढं सगळं असूनही पहिल्या वर्षी मी रत्नागिरीला आले तेव्हा आंब्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून मेलना उत्तरं देत होते. परत गेल्यावर साहेबीण म्हणाली, "पुढच्या वेळी असं करू नकोस. तू उत्तर दिलंस की उरलेल्यांनाही द्यावंसं वाटतं." मला शाबासकीची अपेक्षा होती! आणि आजही कामाच्या दिवशी मधेच सुट्टी घेऊन आईला व्हिडिओ कॉल केला की तिचा पहिला प्रश्न, "आज घरी कशी? नोकरी आहे ना?"

टवाळखोर (सोमवार, सकाळी १०.५०)

मग एकदम महिन्याची रजा टाकली तर वर्षभर पुरेल का?

निळावंती (सोमवार, दुपारी १.१०)

नाही पुरत. जेसिका द ब्लूम यांनी लांब रजांवर अभ्यास केला होता, सरासरी तेवीस दिवसांच्या. बरं वाटणं आठव्या दिवसाच्या सुमारास सगळ्यात वर गेलं, आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच उतरून जवळपास होतं तिथे आलं. म्हणून मी लोकांना रोजच्या संध्याकाळबद्दल विचारते, वर्षातल्या केरळबद्दल नाही.

नाईटड्यूटी (सोमवार, दुपारी १.३२)

आठव्या दिवसापर्यंत पोचले की कळवते.

बांधावरून (सोमवार, रात्री ९.००)

चिंचगुळीताई, एक आगाऊ प्रश्न. तुमच्या मावशींना महिन्याचे खाडे किती?

चिंचगुळी (सोमवार, रात्री ११.४०)

दोन. तिसऱ्याचे पैसे कापत नाही, पण चेहरा आंबट होतो माझा. हे लिहायला अडीच तास लागले.

चिंचगुळी (पंधरा दिवसांनंतर, गुरुवार, रात्री १०.३०)

धागा वर काढते, कारण आज पुन्हा रजा घेतली. कारणाच्या रकान्यात 'विश्रांती' लिहिलं. साहेबांनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना. बरी आहे म्हटलं. पलीकडे चार-पाच सेकंद शांतता.

सव्वाअकराला मावशी आल्या. दारातच सांगून टाकलं, "मावशी, मी आज झोपणार आहे. आतली खोली राहू द्या." छातीत धडधडत होतं, हसू नका. त्या म्हणाल्या, "झोपा की. मी नाही का, चौथ्या मजल्याचं उरकलं की जिन्यात बसते पंधरा मिनिटं. पाठ टेकल्याशिवाय पुढच्या घरी पोछा मारवत नाही." पाच वर्षं त्या माझ्याकडे येतायत. मला वाटायचं चौथ्या मजल्यावरून थेट येतात.

झोपले. चाळीस मिनिटं. चारला एकदा मेल बघितला, तो कबूल करते. फ्रिज उघडला नाही.

पण खरी गोष्ट पुढे. जाताना चपला घालता घालता मावशी म्हणाल्या, "ताई, विषय निघालाच आहे तर रविवारचं बघा ना. सातही दिवस होतात." संध्याकाळपासून घरात त्यावर चर्चा चालू आहे. सासूबाई म्हणतात, रविवारीच पाहुणे असतात, भांडी दुप्पट पडतात. नवरा डिशवॉशरच्या किमती बघतोय. अजून ठरलेलं नाही.

जुनी_पानं (गुरुवार, रात्री १०.५२)

ठरू द्या सावकाश. गिरणीमालकांना सहा वर्षं लागली होती.

चिंचगुळी (शुक्रवार, सकाळी ७.०५)

पोचला टोमणा. मावशींना आत्ताच फोन केला, या रविवारपासून येऊ नका. सासूबाईंना अजून सांगायचंय, आणि रविवारी आत्याकडची नऊ माणसं जेवायला आहेत. कुणाकडे चांगल्या डिशवॉशरचा अनुभव असेल तर लिहा, कढया घासल्या जातात का?